इफ्तारला आज हॉटेलात

रमजान आला की वर्तमानपत्रांची पानं मोहम्मद अली रोडच्या छायाचित्रांनी भरतात. मिनारा मशिदीवरची रोषणाई, परातीएवढा मालपुवा, शिगांवरचे कबाब आणि प्लेट उंच धरून स्वतःचा फोटो काढणारी तरुण मंडळी. त्या रस्त्याची चव नाकारायचं काही कारण नाही. 1936 पासूनचं सुलेमान उस्मान मिठाईवाला तिथे आहे, आणि वर्षातून एकदा तरी आम्हीही हार्बर लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरतोच. पण ती रात्रीची, तरावीहच्या नमाजनंतरची जत्रा. रोजा सोडण्याच्या दहा मिनिटांत घरातलं कोण बसलेलं असतं आणि कोण उभं असतं, हे त्या छायाचित्रांत येत नाही. आज त्या दहा मिनिटांबद्दल लिहायचं आहे, आणि आमच्या नेरूळमधल्या काही साध्या हॉटेलांबद्दल.

नेरूळच्या सेक्टरांत भेंडीबाजारासारखा मोहल्ला नाही. हे गाऱ्हाणं नव्हे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, नकाशावर सेक्टर आखले गेले आणि माणसं नंतर आली. रेल्वे 1992 मध्ये खाडी ओलांडून वाशीला आणि पुढच्या वर्षी नेरूळला पोचली, तेव्हा वस्ती भराभर वाढली. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली, आपल्या माणसांच्या जवळ. नेरूळला आलेली मात्र विखुरली. ‘एनएल’च्या इमारतीत जिथे खोली मिळाली तिथे संसार मांडला. माझ्या मजल्यावर चार दारं आहेत: एक पालक्काडचं, एक साताऱ्याचं, एक आगरी कुटुंबाचं आणि एक आमचं. आमच्या सेक्टरात अजान ऐकू येत नाही. मोबाइलमधल्या वेळापत्रकावर रोजा सुटतो.

मोहल्ल्यात बाईला एक सोय असते. भजी खालच्या गाडीवरून येतात, फालुदा कोपऱ्यावरून, शेजारची खालाजान दहीवडे पाठवते. सेक्टरात हे सगळं एकटीने करायचं असतं. मी कॉलेजात शिकवते. शेवटचा तास संपवून खाडीपूल ओलांडेपर्यंत साडेपाच होतात, आणि इफ्तार पावणेसातच्या आसपास. मधल्या तासाभरात कांदे चिरणं, हरभऱ्याची डाळ वाटणं, फळं कापणं, सरबत ढवळणं आणि शेवटी कढई. भजी गरमच हवीत असा घराघरांतला अलिखित कायदा असल्यामुळे अजानच्या वेळी कढईपुढे कोण असतं, हे वेगळं सांगायला नको. खजूर तोंडात टाकायचा आणि झारा हातात ठेवायचा.

इफ्तारला विलंब करू नये, वेळ होताच रोजा सोडावा, ही प्रेषितांची शिकवण मशिदीत दरवर्षी सांगितली जाते. ती सांगणाऱ्यांच्या घरी त्या क्षणी स्वयंपाकघरात काय चाललेलं असतं, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं, असं आढळलं होतं. ते आकडे सगळ्या देशाचे, सगळ्या धर्मांचे. रमजानचा वेगळा हिशेब कुणी केलेला माझ्या वाचनात नाही. करायचीही गरज नाही, कुठल्याही सासुरवाशिणीला विचारावं.

म्हणून आमच्या घरी गेली काही वर्षं एक रिवाज आहे. आठवड्यातून एक इफ्तार हॉटेलात. पहिल्या वर्षी सासूबाईंना ते पटलं नव्हतं. ‘रोजा काय हॉटेलात सोडायचा असतो? घरच्या दस्तरखानाची बरकत जाते,’ असं त्या म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. बड्या हॉटेलांतल्या अमर्याद बुफेचं मला कौतुक नाही. दिवसभर भूक आवरायची आणि संध्याकाळी सहा प्रकारचे कबाब बशीत रचून निम्मे टाकून द्यायचे, यात रोजा कुठे राहतो? शिवाय त्या रांगेत मगरिबची नमाज हमखास हुकते. मी म्हणते ती हॉटेलं वेगळी. सेक्टरच्या बाजारातली, तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांची, चौघांचं बिल हजाराच्या आत बसणारी. आता सासूबाईच मंगळवारी विचारतात, ‘या शुक्रवारी कुठं?’

सर्वांत आधी नाव निघतं ते केरळी हॉटेलाचं. नेरूळमध्ये मल्याळी वस्ती मोठी, त्यामुळे अशी हॉटेलं दोन-तीन तरी आहेत. आमचं ठरलेलं हॉटेल कोळिकोडकडच्या माणसांचं आहे. बाहेर काचेच्या कपाटात पळंपोरी, म्हणजे केळ्याची लांबट भजी, आत दहा-बारा टेबलं. बाकीचं वर्ष तिथे पोरोट्टा आणि कोळंबी रोस्ट खायला आयटीवाली मुलं येतात. रमजानात सव्वासहापासून टेबलं भरतात आणि पाटीवर चार जास्तीचे पदार्थ लिहिले जातात.

त्यातला पहिला तरीकंजी. बारीक रवा दुधात पातळ शिजवायचा, साखर, थोडी वेलची, आणि वरून तुपात लाल परतलेल्या छोट्या कांद्याची फोडणी. ‘खिरीला कांद्याची फोडणी?’ माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा वाढणारा मुलगा नुसता हसला. एक घोट घेतल्यावर प्रश्न संपला. चौदा तासांच्या उपाशी पोटात ते कोमट, किंचित गोड, तुपाच्या वासाचं पातळसर काही जसं उतरतं, तसं बर्फाचं सरबत उतरत नाही. दुसरा उन्नक्काया: पिकत आलेलं केळं उकडून त्याचा लगदा करायचा, आत खोबरं-साखर-काजूचं सारण भरून कापसाच्या बोंडासारखा आकार द्यायचा आणि तळायचा. आमच्या धाकटीला यातले तीन लागतात. तिचे रोजे अजून पूर्ण नाहीत, पण इफ्तार एकही चुकत नाही.

नमाज झाल्यावर खरं जेवण. तेव्हा मी पत्तिरी मागवते. पत्तिरी म्हणजे तांदळाच्या पिठाची उकड काढून, मळून, पातळ लाटून भाजलेली पांढरी रोटी, वरून नारळाच्या दुधाचा हात फिरवलेली. सोबत चिकनचा नारळ घातलेला रस्सा. सासूबाईंनी ती पहिल्यांदा हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, ‘ही तर आपलीच भाकरी, जरा नाजूक केलेली.’ त्या श्रीवर्धनच्या. कोकणी मुसलमानांच्या घरी तांदळाची भाकरी अशाच उकडीची होते, फक्त हातावर थापतात. आमच्या आगरी शेजारीण काकूंची भाकरीही त्याच कुळातली, पाण्याचा हात लावून थापलेली, काठाला कुठेही चीर न जाणारी. मलबार, श्रीवर्धन आणि करावे गाव, तिन्हीकडे तांदूळ, नारळ आणि मासळी. किनारा एकच आहे.

आणि किनारा एकच असल्याचा आणखी एक पुरावा फिकहमध्ये सापडतो. कोकणातले मुसलमान शाफई, मलबारचे माप्पिळाही शाफई, आणि मधल्या होन्नावरचे लोक शाफई असल्याचं इब्न बतूताने चौदाव्या शतकात लिहून ठेवलं आहे. त्याच्याही चारशे वर्षं आधी अल्-मसूदी चौलला आला होता आणि तिथल्या मोठ्या मुस्लिम वस्तीची त्याने नोंद केली. अरबी गलबतांबरोबर धर्म आला, तसा हा पंथही बंदराबंदरांतून स्थिरावला. घाटावर चढलं की मात्र सगळे हनफी. माझं माहेर सोलापूरचं. तिथे सहरीला ज्वारीची कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी. कोळंबी आमच्या घरी कधी शिजलीच नाही. हनफी उलेमांत कोळंबीला मासळी म्हणावं की नाही यावर जुना वाद आहे आणि आमचे अब्बा सावध पक्षाचे होते. शाफईंना समुद्रातलं सगळंच चालतं. लग्नानंतर सासरी पहिल्याच आठवड्यात कोळंबीचा पुलाव पुढे आला तेव्हा मी अब्बांना सोलापूरला फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘बेटा, जिथे राहायचं तिथल्या इमामामागे नमाज पढायची आणि तिथल्या आईच्या हातचं खायचं.’ वाद उलेमांवर सोडून मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

बिर्याणीवर मात्र आमच्या टेबलावर भांडण ठरलेलं. मुंबईची बिर्याणी म्हणजे तळलेला बटाटा, आलुबुखार आणि लांब बासमती, हे माझ्या मुलाचं मत. कोळिकोड-तलश्शेरीकडची बिर्याणी कैमा नावाच्या आखूड, बारीक, सुवासिक तांदळाची असते, बटाट्याशिवाय, वर तळलेला कांदा, काजू आणि मनुका. तिचा मसाला मंद, जिभेवर मागाहून येणारा. मुलगा तिला ‘पुलाव’ म्हणतो आणि बशी चाटून पुसून संपवतो. माझं मत मलबारी तांदळाच्या बाजूचं आहे. बासमती दिसायला रुबाबदार, पण रस्सा पिऊन घेण्याचं काम आखूड तांदूळच मन लावून करतो. आंबेमोहोर खाऊन वाढलेल्या वाचकांना हे पटावं.

शेवटी सुलेमानी. बिनदुधाचा चहा, लिंबू, कधी वेलची. 2012 च्या ‘उस्ताद हॉटेल’ या मल्याळी चित्रपटानंतर हे नाव केरळबाहेरही माहीत झालं, पण माप्पिळा घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. तरावीहला उभं राहायचं असेल तर दुधाच्या चहापेक्षा हा बरा. डोळे उघडे राहतात.

दुसरं हॉटेल उडुप्याचं. रमजान आणि उडुपी ही जोडी ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. नेरूळमध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीचं मोठं शैक्षणिक संकुल आहे आणि दाक्षिणात्य वस्तीही जुनी. त्यामुळे माटुंग्याइतकी नसली तरी इडली-डोशाची शिस्त इथे चांगली आहे. शाकाहारी हॉटेलात हलालचा प्रश्न विचारावा लागत नाही, ही मुस्लिम गिऱ्हाइकाला केवढी मोकळीक असते, हे ज्यांना कधी तो प्रश्न विचारावा लागला नाही त्यांना कदाचित उमगणार नाही. ‘मटण हलाल आहे ना?’ हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा, हळू आवाजात, वेटरच्या कानाशी बोलले आहे. बाजूच्या टेबलाने मान वळवली की घास जड होतो. इडलीला असलं काही नाही. आणि दिवसभराच्या उपासावर पहिला पदार्थ म्हणून तळणीपेक्षा वाफवलेली इडली पोटाला मऊ. गल्ल्यावरच्या अण्णांना आता आमची वेळ पाठ आहे. ‘मॅडम, अजून सहा मिनटं. इडली आत्ता आणू की वडे निघाल्यावर एकदम?’ मागच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा आमच्या भरल्या बशा आणि स्वस्थ हात बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, ‘किती मिनटं राहिली?’ मी सांगितलं चार. त्यांनी घड्याळात पाहिलं, आपला डोसा संपवला, ‘माझी सहा एक्कावन्नची पनवेल आहे, नाहीतर थांबलो असतो,’ म्हणाले आणि गेले.

तिसरी आगरी खानावळ. नेरूळ, शिरवणे, करावे, सारसोळे ही मूळ गावं सेक्टरांच्या पोटात अजून आहेत, आणि त्यांच्या कडेला घरच्या बायांनी चालवलेल्या खानावळी. शहर ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर उभं राहिलं, त्यांच्या हातचं जेवायचं असेल तर इथेच. इथे मी मासळीच मागते. मासळीला जबीहाचा प्रश्न नसल्याने कुणाला काही विचारावं लागत नाही. तळलेले ओले बोंबील, वरून करकरीत आणि आतून लोण्यासारखे, जवळ्याची सुकी चटणी, नशीब असेल तर खाडीचा जिताडा, आणि काकूंची ती भाकरी. खानावळीच्या ताई इफ्तारचा वेगळा बेत करत नाहीत. एवढंच की आम्ही दिसलो की पाण्याचा तांब्या आधी येतो.

हलीमबद्दल थोडक्यात. अलीकडे सेक्टरासेक्टरांत ‘हैदराबादी हलीम’ असे फलक लागतात. 2010 मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं. मांसाहारी पदार्थाला ते मिळण्याची भारतातली ती पहिलीच वेळ. निजामाच्या फौजेतल्या अरबांनी आणलेला हा गहू-मांसाचा हरीसा तिथे तुपात आणि मसाल्यात हैदराबादी झाला. पण फलक लावलेल्या निम्म्या ठिकाणी मिळतो तो मुंबईचा खिचडा असतो. हलीममध्ये मांस घोटून घोटून गव्हात विरून जातं, बोटांना ताणल्यासारखं चिकट लागतं. खिचड्यात डाळी जास्त आणि मटणाचे तुकडे हाताला लागतात. खिचडा कमी प्रतीचा नव्हे. मोहरममध्ये घराघरांत शिजतो तो तोच. तो खिचडा म्हणूनच विकावा, एवढंच म्हणणं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला घेतलं ती. मी हॉटेलात बसते तेव्हा कढईपुढे दुसरं कुणीतरी उभं असतं, आणि मुस्लिम हॉटेलात त्यालाही बहुधा रोजा असतो. माझी सुटका त्याच्या जिवावर होत असेल तर ती कसली सुटका? हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला होता, आणि केरळी हॉटेल आमचं ठरलेलं हॉटेल झालं ते बिर्याणीमुळे नव्हे, या प्रश्नामुळे. तिथे अजानच्या सात-आठ मिनिटं आधी सगळं टेबलांवर मांडलं जातं: खजूर, कलिंगडाच्या फोडी, तरीकंजी, पाणी. मग मालक गल्ला सोडून उठतो आणि शटर अर्ध्यावर ओढतो. भटारखान्यातून स्वयंपाकी, पोरोट्टे मारणारा, भांडी घासणारा, सगळे बाहेर येतात आणि मागच्या दोन टेबलांवर बसतात. पुढची वीस मिनिटं कोणतीही ऑर्डर घेतली जात नाही. बाहेर जेवण पोचवणारी ॲपची मुलं हेल्मेट घालून ताटकळतात. त्यांतल्या रोजेदारांना मालक आत बोलावतो. बाकीच्यांनाही तरीकंजीचा ग्लास मिळतो. मी एकदा मालकाला म्हटलं, या वीस मिनिटांत तुमचा धंदा बुडत असेल. तो म्हणाला, ‘ताई, रोजेदाराला खिलवण्याचं सवाब मिळवायला मी हॉटेल काढलं. माझीच पोरं उपाशी ठेवून कुठलं सवाब?’ मग जरा थांबून, व्यापाऱ्याच्या प्रामाणिकपणाने, ‘आणि खरं सांगू, सात वाजल्यानंतर दुप्पट गर्दी होते.’

रोजा धरून स्वयंपाक करणाऱ्याने मीठ कसं बघायचं, हे कोडं घरी आम्ही धाकटीच्या जिभेवर सोडवतो. इथे ते काम ओडिशाच्या एका मदतनिसाकडे आहे. दुपारी चारला मोठ्या डेगचीतला रस्सा तो चाखतो, हाताने खूण करतो, आणि त्याच्या शब्दावर शंभर माणसांचा रोजा सुटतो. बाकीचे त्याला रमजानपुरतं ‘उस्ताद’ म्हणतात.

बायकांच्या बसण्याची एक अडचण अजून आहे. जुन्या पद्धतीच्या मांसाहारी हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ म्हणजे माळ्यावरची, पंखा नसलेली, जिन्यावर डोकं आपटणारी जागा. सासूबाईंचे गुडघे तो जिना चढत नाहीत. आणि एकट्या बाईने, दोन विद्यार्थिनींनी, खाली पुरुषांच्या टेबलांत बसून रोजा सोडावा, याची सवय अजून सगळ्यांना झालेली नाही. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या दोघी, वसतिगृहात राहणाऱ्या, रोज स्टेशनबाहेर वडापाव घेऊन बाकावर रोजा सोडत होत्या, कारण हॉटेलात ‘सगळे बघतात.’ त्यांना मी केरळी हॉटेलात घेऊन गेले. आता त्या त्यांच्या त्या जातात, दाराजवळचं टेबल धरतात आणि पुस्तक उघडून बसतात. मालकाने त्या टेबलावर ‘राखीव’ची पाटी ठेवायला सुरुवात केली आहे.

आणि घरी? आठवड्याच्या त्या एका हॉटेलाने घरातही थोडा बदल झाला. एकदा बसून, सगळ्यांबरोबर, हात कोरडे ठेवून रोजा सोडला की दुसऱ्या दिवशी कढईपुढे उभं राहायला मन तयार होत नाही. मी सरळ सांगितलं की भजी अजानच्या पंधरा मिनिटं आधी निघतील, गार झाली तर गार खायची. दोन दिवस कुरबुर झाली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, तेल किती तापवायचं असतं. त्याची भजी आतून कच्ची राहतात, पण ती तो स्वतः तळतो, पंधरा मिनिटं आधी, आणि मग सगळे बसतात. सासूबाई त्यातली जरा करपलेली निवडून घेतात, त्यांना तशीच आवडतात म्हणे.

ईदला केरळी हॉटेल चार दिवस बंद असतं. अठ्ठाविसाव्या रोजाला मुलं पनवेलहून नेत्रावती एक्स्प्रेस पकडतात, म्हणून त्यांचा शीरखुर्मा मला आदल्या रात्रीच करावा लागतो. गेल्या वर्षी तीन लिटर दुधाचा केला आणि मोठा डबा पोचवला. डबा परत आला तो ईदच्या आठवड्यानंतर, कोळिकोडचा काळा हलवा भरून, वर मल्याळी वर्तमानपत्राचा कागद आणि ओडिशाच्या उस्तादाच्या हातची चिठ्ठी, हिंदीत: ‘खीर में चीनी कम थी.’